बारा आण्यांचा मृदंग

नाद हा मोठा नाशवंत माल आहे. आंबा निदान चार दिवस टिकतो. सूर उमटला की संपला. म्हणून माणसाने त्याचे लोणचे घालण्याच्या अनेक तऱ्हा शोधून काढल्या आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. पण त्यांनी ठिकठिकाणच्या खाँसाहेबांच्या गळ्यातल्या चिजा ऐकल्या, कागदावर उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत नीट रचून ठेवल्या. कागदावर चीज राहिली, गळा राहिला नाही. १९०२ साली ग्रामोफोनवाले साहेब कलकत्त्याला आले आणि गौहरजानचे गाणे तबकडीत भरून घेऊन गेले. तबकडीत गळा राहिला. पण त्या दिवशी, त्या तीन मिनिटांत जे गाइले गेले तेवढेच. 'बाई, आज जरा दुसरे काही म्हणा,' असे तबकडीला सांगण्याची सोय नाही.

तिसरी एक तऱ्हा आहे. ती मी गेली पंचवीस वर्षे करीत आलो आहे, आणि आमच्या वाटूरात माझ्याशिवाय हा उद्योग दुसरे कोणी करीत असेल असे मला वाटत नाही. तिला ट्रॅकर म्हणतात. हे संगणकावरचे एक लहानसे साधन आहे. तीत गाणे भरत नाहीत, गाण्याचे दाणे भरतात. जालन्याच्या मोंढ्यात व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर ज्वारी बाहेर काढतो आणि तिला 'सॅम्पल' म्हणतो, हे आपण पाहिलेच असेल. इथेही शब्द तोच आणि रीतही तीच. सतारीची एक तार छेडायची, तेवढाच एक नाद टिपून घ्यायचा. मग संगणक तोच नाद भरभर वाजवून उंच करतो, सावकाश वाजवून खाली आणतो, आणि एका दाण्यातून सप्तक उभे राहते. गती दुप्पट केली की नाद बरोबर एक सप्तक वर चढतो. मात्र त्याचे आयुष्यही निम्मे होते. वर चढणाऱ्याने आयुष्य कमी करून घ्यावे हा नियम यंत्रालाही चुकलेला नाही.

आता हे दाणे पेरायचे कसे? पडद्यावर एक वही उघडते. वाण्याच्या खतावणीसारखे उभे रकाने, आणि वरून खाली एकेक ओळ. काळ वरून खाली वाहतो. प्रत्येक ओळीत लिहायचे: कोणता सूर, कोणत्या क्रमांकाचा दाणा, आवाज किती, आणि काही खास हुकूम असल्यास तो. एका रकान्यात एका वेळी एकच नाद राहतो. नवा आला की जुन्याने खोली रिकामी करायची. ही वही पहिल्यांदा आखली कार्स्टन ओबार्स्की नावाच्या एका जर्मन माणसाने, १९८७ साली, अमिगा नावाच्या संगणकासाठी. त्या संगणकाला मुळात चारच आवाज होते, म्हणून रकाने चार. दाणे ठेवायला जागा पंधरांची. पुढे हौशी पोरांनी तिच्यात भर घातली, दाणे एकतीस झाले, रकाने वाढले. मी औरंगाबादला शिकत होतो तेव्हा (त्या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात) वसतिगृहातल्या एका मित्राने मला एक फ्लॉपी दिली. तिच्यात स्वीडनमधल्या तरुणांनी १९९४ साली केलेला 'फास्टट्रॅकर टू' होता आणि शिवाय सहा गाणी होती. दीड मेगाबाइटसुद्धा न मावणाऱ्या त्या चकतीत सहा गाणी! कारण उघड आहे. दाणा एकदाच साठवायचा आणि वहीत फक्त 'तो अमुक ओळीला वाजवा' एवढे लिहायचे. गाणे आणि वाजवणारी मंडळी एकाच शिदोरीत बांधून द्यावीत, तसा प्रकार.

ही विद्या मी मुलांच्या हाती दिली तेव्हा घरात जो काही गोंधळ झाला, त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. कुकरची शिट्टी सनईसारखी सरगम म्हणू लागली. शेजाऱ्यांचा कोंबडा भूप आळवू लागला. फाट्यावर, जिथून जालना, मंठा आणि परतूर असे तीन दिशांचे रस्ते फुटतात तिथे, धाकटीने एस.टी.चा भोंगा टिपला आणि तो तीन सप्तके खाली आणला, तर असा काही घोर निघाला की काकूंनी देवघरातून विचारले, "कोण घोरायलंय रे भरदुपारी?" हा चावटपणा आहे असे कोणी म्हणेल, पण त्याला मोठे कूळ आहे. पिएर शेफर नावाच्या फ्रेंच नभोवाणीवरच्या इंजिनियराने पॅरिसच्या एका स्थानकात आगगाडीची इंजिने ध्वनिमुद्रित केली, त्या फुसफुशीचे आणि खडखडाटाचे तुकडे जोडून एक रचना केली, आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती नभोवाणीवरून ऐकवली. त्याच्या अठराच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला होता. आमच्या आजोबांना त्या इंजिनांचे काही पडलेले नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले असेही नाही.

पण मला सांगायचे आहे ते नानांविषयी.

नाना म्हणजे माझे चुलते. वय ऐंशीच्या पुढे. गावच्या भजनी मंडळात त्यांनी पंचावन्न वर्षे पखवाज वाजवला. आमच्याकडे त्याला मृदंगच म्हणतात. गेल्या चैत्रात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. वैशाखात करंगळी आणि अनामिका सांगितलेले ऐकेनाशा झाल्या. डॉक्टरांनी औषधे दिली, आणि हात हळूहळू जात राहील हेही मोकळेपणाने सांगितले. नानांनी ते ऐकून घेतले आणि घरी येऊन पखवाजावर खोळ चढवली. मंडळात दुसरा वाजवणारा नाही. जे दोघे तरुण होते ते पुण्याकडे कामाला गेले आणि तिकडचेच झाले.

मी त्यांना म्हटले, "नाना, हात आहे तोवर तुमचे बोल मला टिपून घेऊ द्या."

"टिपून काय करशील?"

"ठेवीन."

"ठेव," ते म्हणाले. त्या एका शब्दात होकार किती आणि थट्टा किती, ते मला आजतागायत कळलेले नाही.

तीन संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो. रोज अर्धा तास. त्यापुढे हात थकायचा. पखवाजाची दोन तोंडे दोन स्वभावांची असतात. उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली. ते षड्जात लावायचे, वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून. डाव्या तोंडावर मात्र प्रत्येक बैठकीला ओली कणीक थापावी लागते, आणि बैठक संपली की खरवडून काढावी लागते. त्या कणकेच्या वजनाने डावे तोंड खर्जात बोलते. काकू पोळ्यांच्या कणकेतून गोळा काढून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "पंचावन्न वर्षांची कणीक धरली तर पोतंभर गहू या ढोलानं खाल्ला." नाना गोळा घेत, पाण्याचा हात लावून मधोमध थापत, एक थाप मारून ऐकत, चिमूटभर काढत, पुन्हा ऐकत.

पहिली मौज मला इथे कळली. संगणकावर डाव्या हाताचे घाव एकाखाली एक मांडून पाहिले, तर एकाच संध्याकाळचा पहिला 'ग' आणि शेवटचा 'ग' यांचा सूर एक नव्हता. शेवटचा किंचित चढा होता. कणीक वाळत जाते, तिचे वजन घटते, तसा आवाज वर सरकतो. म्हणजे प्रत्येक दाण्यात घड्याळही होते! ट्रॅकरमध्ये एखाद्या दाण्याचा सूर केसभर वरखाली करायची सोय असते; ती वापरून सगळे 'ग' एका सुरात आणता आले असते. नानांना विचारले. ते म्हणाले, "कीर्तन रंगात येतं तवा कणीक वाळलेली असती. लोकांना तोच आवाज रंगाचा वाटतो. राहू दे." म्हणून ओल्या कणकेचे आणि वाळत्या कणकेचे असे दोन्ही 'ग' मी वेगवेगळे ठेवले.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. पुस्तकात लिहिलेले असते की उजव्या हाताचा 'ता' आणि डाव्या हाताचा 'ग' एकदम वाजले की 'धा' होतो. मी मनात हिशेब केला होता: धा वेगळा टिपायचे कारण नाही, एका रकान्यात ता टाकू, दुसऱ्यात ग, धा आपोआप तयार. तसे करून नानांना ऐकवले. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी स्वतः एक धा दिला, आणि फरक माझ्यासारख्यालाही ऐकू आला. दोन्ही तोंडे एकाच खोडाची आहेत. आत एकच हवा कोंडलेली आहे. एक कातडे दबले की ती हवा दुसऱ्याला ढकलते. वेगवेगळे टिपलेले ता आणि ग एकत्र वाजवले तर ते शेजारी बसलेल्या दोन माणसांसारखे वाटतात. खऱ्या धामध्ये ते एका घरातले असतात. धा वेगळे टिपावे लागले. तीन संध्याकाळी दीडशेच्या वर घाव झाले, त्यांतून मी सव्वीस दाणे निवडले. एकात दूरचे कुत्रे भुंकले आहे. पण तो ता इतका गोड होता की कुत्र्यासकट ठेवला.

मग वही उघडली. नाना चष्मा लावून पडद्याकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "हे आकडे असे कसे? नऊनंतर ए, बी?" मी समजावू लागलो की ही वही दहांनी मोजत नाही, सोळांनी मोजते, नवानंतर ए, बी, सी करीत एफ येतो, म्हणजे पंधरा, आणि मग पुढची दहाई...

"म्हणजे आणे," नाना म्हणाले.

मी गप्प झालो. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा नाना शाळकरी वयाचे होते. त्यांनी हाली सिक्क्याचा रुपयाही हाताळलेला. सोळा आण्यांचा रुपया, आणि चलनी रुपयाचे चौसष्ट पैसे. त्यांनी पुढे विचारले, "एका पानात ओळी किती?"

"चौसष्ट."

"आणि मात्रेला?"

"चार ओळी धरल्या तर सोळा मात्रा बसतात."

"मग बंदा रुपयाच झाला की!" नाना हसले. गेल्या चैत्रानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. मात्रेचा आणा, ओळीचा पैसा. त्रितालाचे आवर्तन म्हणजे रुपया, आठ मात्रांचा भजनी ठेका म्हणजे अधेली. मला जे शिकायला वसतिगृहात महिना लागला होता ते पावकी-निमकी पाठ असलेल्या या गृहस्थांना चहा निवायच्या आत समजले. एवढेच नव्हे, ट्रॅकरमध्ये पूर्ण आवाजाचा आकडाही चौसष्टच असतो. त्यामुळे आमचा पुढचा सगळा व्यवहार आण्यांत झाला. "डाव्याला बारा आणे ठेव." मी अठ्ठेचाळीस लिही. "हा ति चवलीपेक्षा जास्त नको." मी आठ लिही. ज्या यंत्राला जगातले लोक अवघड आणि रुक्ष म्हणतात, त्याला आमच्या ओसरीवर बाजारहाटाची भाषा मिळाली.

ठेका वहीत उतरला. सरळ वाजवला, तर घड्याळासारखा चालला आणि घड्याळाइतकाच नीरस लागला. मी नानांच्या ध्वनिमुद्रणाशी तो ताडून पाहिला. नाना सहावी मात्रा जराशी मागे ठेवत होते. फार नाही, सेकंदाचा पंचविसावा भाग. ट्रॅकरच्या नेहमीच्या गतीत एक ओळ बारा शतांश सेकंदाची असते आणि तिचे सहा तुकडे असतात. नाद ओळीच्या आरंभी न वाजवता दोन तुकडे थांबून वाजवा, असा हुकूम देता येतो. तो दिला. ठेका लगेच माणसाळला. मी नानांना सांगितले, "तुम्ही सहावी मात्रा उशिरा घेता." ते म्हणाले, "मी नाही घेत. टाळकरी तवा टाळ उचलत्यात. त्यांचा हात वर जाऊस्तोवर थांबावं लागतं."

हे मला एकदम लक्षात आले नाही. ते कळले कोजागरीच्या आदल्या रात्री.

दुसऱ्या दिवसापासून काकडा सुरू व्हायचा होता. मंडळातली पाचसहा माणसे ओसरीवर जमली. मी संगणक एका चांगल्या कर्ण्याला जोडला. विणेकऱ्यांनी वीणा गळ्यात घातली, टाळ निघाले, आणि पंचावन्न वर्षांचा तो हात पुन्हा वाजू लागला. खोटे कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. दोन अभंग बिनबोभाट झाले. एक जण तर म्हणाला, "आता काळजी मिटली. याला ना मानधन, ना चहा." तिसऱ्या अभंगात विणेकऱ्यांचा श्वास अपुरा पडला. पंचाहत्तरीचे गृहस्थ, चरण संपताना जरा थांबले. टाळकरी आपसूक थांबले. दरवर्षी असेच थांबत आले असतील. ठेका मात्र पुढे निघून गेला. मंडळी धावत त्याला गाठायला गेली, तोवर तो आणखी एक मात्रा पुढे. शेवटी सगळे हसत सुटले आणि मी यंत्र बंद केले.

नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर वाजवायलंय हे. कुठंच चुकंना. पण कुणाचं ऐकंना गेलंय."

काकडा टाळांवरच पार पडतो आहे. पहाटे चारला वाटुरात थंडी बरी असते आणि मृदंगाशिवाय ती जरा जास्तच वाटते. मी पुष्कळ उपाय सुचवले. गती हाताने कमीजास्त करता येते. बोल कळपाट्यावर बोटांनी वाजवताही येतात. नानांनी सगळे ऐकून घेतले आणि भलतेच काही सांगितले. शेजारचा अकरा वर्षांचा पोरगा महिनाभर पत्र्याच्या डब्यावर ठेका बडवत असतो. त्याला बोलावून आणायला लावले. आणि मला म्हणाले, "तुझ्या वहीत टाळ भर. मंडळाचेच टाळ. मृदंगाचा रकाना बंद ठेव. पोरगं वाजवील तवा त्याला ऐकायला टाळ पाहिजे, मृदंग नको."

तेव्हा आता रोज संध्याकाळी ओसरीवर शाळा भरते. यंत्र फक्त टाळ वाजवते, तेही नानांच्या हुकुमाने मधेच अर्धी मात्रा अडखळणारे; कोणत्या आवर्तनात अडखळायचे ते मी रोज बदलतो आणि पोराला सांगत नाही. पोरगा चुकतो, ओठ चावतो, पुन्हा बसतो. त्याच्या घरची परिस्थिती बेताची. पखवाज कुठून आणणार? नानांच्याच पखवाजाची खोळ निघाली. काकू कणीक देतात. वाक्य मात्र आता छप्पन वर्षांचे झाले आहे.

पोराचा उजवा हात बरा आहे. डाव्या हातात अजून वजन नाही. कणकेवर थाप पडते ती पोळी थापल्यासारखी. परवा नाना उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. नानांचा डावा हात शाबूत आहे. पोराने उजवे तोंड धरायचे, नानांनी डावे. पहिल्या दिवशी धा फुटला. ता आधी आला, ग मागून. दुसऱ्या दिवशीही तसेच. नाना त्याला मोजायला सांगत नव्हते, फक्त म्हणत होते, "माझ्या खांद्याकडं बघ." चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला एक धा आला आणि माजघरात भाजी चिरणाऱ्या काकूंचा हात थांबला.

"हा घे," नाना मला म्हणाले.

आणखी दोनतीनदा तसाच आला तेव्हा मी टिपला. सत्ताविसावा दाणा. वहीत नाव लिहिले आणि विचारले, "आवाज किती ठेवू?"

नानांनी क्षणभर विचार केला. "चौदा आणे," ते म्हणाले. "दोन आणे ह्या पोराकडं बाकी हायेत."